छताला कोरलेले साल : स्प्रिंकलर म्हातारा कधी होतो? (दीर्घ धागा)

नाणे हाती आले की नाणकशास्त्राचा अभ्यासक प्रथम त्यावरचे साल शोधतो. असेच कोरलेले साल आपल्या डोक्यावर, मॉलच्या, रुग्णालयाच्या किंवा कार्यालयाच्या छतालाही असते. मात्र तिकडे फारसे कोणी पाहत नाही. आगीच्या वेळी पाणी उडवणाऱ्या स्प्रिंकलरचे ते छोटेसे पितळी तोंड, म्हणजेच स्प्रिंकलर हेड, आणि त्याच्या दातेरी चकतीवर किंवा बाजूच्या दांड्यांवर उमटवलेले निर्मितीचे साल. हे साल सजावटीसाठी नसते. त्यावरून त्या हेडचे वय मोजले जाते, आणि ठरावीक वय झाले की त्याने आपण अजून कामाचे आहोत हे सिद्ध करावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कशी निर्माण झाली, त्याचा हा इतिहास.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. चित्रपटांत कोणीतरी काडी पेटवतो आणि सबंध मजल्यावर पाऊस पडू लागतो. प्रत्यक्षात नेहमीच्या स्प्रिंकलर व्यवस्थेत प्रत्येक हेड स्वतंत्र असते. नळात पाणी दाबाखाली भरलेले, हेडच्या तोंडाशी बूच, आणि ते बूच धरून ठेवणारी काचेची कुपी किंवा डाख दिलेली धातूची जोडपट्टी. ठरावीक तापमानाला कुपी फुटते किंवा डाख वितळतो, बूच उडते आणि तेवढ्याच हेडमधून पाणी सुटते. शेजारच्या हेडला तेवढी उष्णता पोहोचली नाही, तर ते बंदच राहते.

एक तोंड, एक बूच, एक कुपी. रचना इतकी साधी असल्यामुळेच एक विचित्र अडचण उभी राहते. दिवा चालतो की नाही हे बटण दाबून कळते. पंप सुरू करून पाहता येतो. स्प्रिंकलर हेड मात्र उघडते का हे पाहायचे, तर ते फोडावेच लागते. आणि एकदा फुटलेले हेड पुन्हा छताला लावता येत नाही. जे हेड छतावर आहे त्याची परीक्षा झालेली नाही, आणि ज्याची परीक्षा झाली ते छतावर उरलेले नाही. गेल्या दीडशे वर्षांत विमा कंपन्या, अभियंते आणि मानके लिहिणाऱ्या समित्या याच कोड्याशी झगडत आल्या.

आरंभी कुपीही नव्हती आणि डाखही नव्हता. इ.स. १८०९ मध्ये लंडनचे ड्रुरी लेन येथील रंगगृह जळाले. ते पुन्हा उभारले गेले तेव्हा विल्यम काँग्रीव्ह यांनी १८१२ साली तेथे भोके पाडलेल्या नळांची व्यवस्था बसवली. आग लागली की माणसाने झडप उघडायची आणि नळांतून पाणी झिरपू द्यायचे. हीच पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील कापड गिरण्यांत पसरली. तिचे दोष दोन. झडप उघडायला जागा असलेला माणूस हवा. आणि वर्षानुवर्षे कोरडे पडलेले नळ आतून गंजत, बाहेरून रंगत, त्यांची बारीक भोके बुजत. म्हणजे वार्धक्याचा प्रश्न स्वयंचलित स्प्रिंकलरच्याही आधीचा आहे.

गिरण्यांचीच गोष्ट पुढे का येते? तेलाने माखलेली लाकडी जमीन, हवेत तरंगणारा कापसाचा फुफाटा, रात्री उघड्या ज्योतीचा प्रकाश आणि घर्षणाने तापणारी यंत्रे. र्‍होड आयलंडमधील गिरणीमालक झकारिया ॲलन यांनी आपली गिरणी आगीपासून अधिक सुरक्षित बांधली आणि विम्याचा हप्ता कमी करून मागितला. तो नाकारला गेला, तेव्हा १८३५ साली त्यांनी इतर गिरणीमालकांना एकत्र करून परस्पर विमा कंपनी काढली. एकाची गिरणी जळाली तर भरपाई सगळ्यांच्या खिशातून जाणार, म्हणून एकमेकांच्या गिरण्या तपासणे हा धंद्याचाच भाग झाला. पुढे फॅक्टरी म्युच्युअल नावाने ओळखल्या गेलेल्या कंपन्यांची परंपरा येथून सुरू होते. आग विझवण्याचे श्रेय इतिहास शोधकांना देतो. पण आग लागण्याआधी नळ तपासण्याची सवय या हिशेबी मालकांनी लावली, हे विसरले जाते.

स्वयंचलित हेडचे जनकत्व एका माणसाला देणे अवघड आहे. लंडनच्या स्वयंसेवक अभियंता दलातील मेजर स्टुअर्ट हॅरिसन यांनी १८६४ मध्ये एक हेड तयार केले, पण पेटंट घेतले नाही. मॅसॅच्युसेट्समधील फिलिप प्रॅट यांना १८७२ साली पेटंट मिळाले. व्यवहारात उतरणारे पहिले हेड मात्र कनेटिकटमधील न्यू हेवन येथील हेन्री पार्मली यांचे. त्यांचा पियानोचा कारखाना होता आणि आगीचा विमा महाग पडत होता. १८७४ साली त्यांनी स्वतःच्या कारखान्यात आपले स्प्रिंकलर बसवले. भोके पाडलेल्या तोंडावर डाखाने बसवलेली पितळी टोपी, अशी ती रचना होती. टोपीच्या आतल्या बाजूला थंड पाणी असे. त्यामुळे बाहेरून उष्णता लागली, तरी आतून तोच डाख थंड होत राही आणि टोपी सुटायला उशीर होई.

हा उशीर फ्रेडरिक ग्रिनेल यांनी कमी केला. ते प्रॉव्हिडन्स शहरात नळ जोडणीची कंपनी चालवत आणि पार्मली यांच्या व्यवस्था बसवत. १८८१ च्या पेटंटात त्यांनी डाखाचा सांधा पाण्यापासून दूर नेला आणि पाणी पसरवण्यासाठी दातेरी चकती दिली. १८९० मध्ये त्यांनी झडपेत काचेची चकती बसवली. ही दुसरी सुधारणा पहिलीइतकी गाजत नाही, पण या धाग्याच्या दृष्टीने तीच मोलाची आहे. झडप आपल्या बैठकीला वर्षानुवर्षे टेकून असते. धातूवर धातू टेकला की गंज आणि क्षार त्यांना चिकटवू पाहतात. काचेला गंज चढत नाही. डाख वितळूनही बूच जागेवरच अडकून बसेल, ही भीती किती जुनी आहे ते या चकतीवरून कळते. तीच भीती पुढे शंभर वर्षांनी खरी ठरली, पण त्याकडे पुढे येऊ.

मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीचे विल्यम मॅथर यांनी १८८३ साली ग्रिनेल यांच्या हेडचे अमेरिका व कॅनडाबाहेरचे हक्क विकत घेतले. लँकेशायरच्या गिरण्यांवर जे उंच मनोरे दिसतात, त्यांतील अनेकांच्या माथ्यावर स्प्रिंकलरसाठी पाण्याची टाकी असे. पुण्याच्या वाचकांना हे नाव परके वाटणार नाही. चिंचवडचा मॅथर अँड प्लॅटचा पंपांचा कारखाना याच घराण्यातला.

हेड बाजारात आले तसे त्यांचे असंख्य प्रकारही आले. फॅक्टरी म्युच्युअल परंपरेतील अभियंता सी. जे. एच. वुडबरी यांनी १८८४ मध्ये वेगवेगळ्या हेडच्या चाचण्या घेतल्या. मँचेस्टरमध्ये जॉन वॉर्मल्ड यांनी १८८५ साली स्प्रिंकलर बसवण्याचे पहिले नियम लिहिले. तरी गोंधळ संपला नाही. १८९५ मध्ये बोस्टन येथे काही मंडळी जमली, तेव्हा त्या शहराच्या १०० मैलांच्या परिसरात नळांचे आकार आणि हेडमधील अंतर यांविषयी एकमेकांशी न जुळणारे नऊ मापदंड चालू असल्याचे त्यांच्यासमोर होते. त्यातून १८९६ साली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था जन्मली. तिच्या पहिल्या नियमावलीचा विषय स्प्रिंकलर हाच होता. स्प्रिंकलर कसा बसवावा हे अशा रीतीने ठरले. बसवलेला स्प्रिंकलर कधी काढावा, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके रेंगाळला. नव्याने बसवलेल्या वस्तूचे वय कोण मोजणार?

वय धातूत साठत होते. हेडमधील डाख हा बिस्मथ, शिसे, कथील, कॅडमियम अशा धातूंचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. नेहमीच्या हेडचा डाख साधारण ७४ अंश सेल्सिअसला सुटतो. असा मिश्रधातू सतत ताणाखाली असेल, तर वितळण्याच्या कितीतरी आधी, अगदी सावकाश, सरकू लागतो. एकीकडून पाण्याचा दाब, दुसरीकडून तरफेची ओढ. चोवीस तास, वर्षानुवर्षे. भट्टी किंवा बॉयलरजवळच्या हेडची दशा आणखी वाईट, कारण तेथील हवाच डाखाच्या वितळण्याच्या तापमानाजवळ असते. त्यावर धूळ, तेलकट थर आणि गंज. थर जाड झाला की उष्णता उशिरा पोहोचते, आणि आगीत उशीर म्हणजे पुढच्या टेबलापर्यंत, पुढच्या खोलीपर्यंत गेलेली ज्वाला. याशिवाय रंगारी! भिंती रंगवताना छताबरोबर हेडवरही ब्रश फिरतो आणि बूच रंगाखाली सांधले जाते. तो रंग खरवडून काढू नये, हेडच बदलावे, असे आजचा नियम सांगतो.

म्हातारे हेड दोन प्रकारे दगा देते. आग नसताना उघडते, किंवा आग असताना उघडत नाही. पहिल्या प्रकारात मालाचे गठ्ठे भिजतात, मालक चिडतो, विमा कंपनीला पत्र जाते. म्हणजे नोंद होते. दुसऱ्या प्रकाराची नोंद आग लागेपर्यंत होतच नाही. एखाद्या इमारतीत ५० वर्षे आगच लागली नाही, तर तिथली निकामी हेडे आणि उत्तम हेडे यांचे दफ्तर सारखेच कोरे दिसते. कागदपत्रांच्या अभावातून निष्कर्ष काढण्यातला धोका इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात द्रव भरलेल्या काचेच्या कुपीची हेडे आली. तापल्यावर द्रव प्रसरण पावतो आणि कुपी फुटते. आजही कुपीच्या रंगावरून तापमान वाचता येते : नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळी ७९, हिरवी ९३. काच सरकत नाही, त्यामुळे डाखाचा तो विकार येथे नाही. पण कुपीला बारीक तडा गेला आणि द्रव निघून गेला, तर उरते ती रिकामी काच. अशी कुपी खालून नुसती पाहूनही ओळखता येते, हे एक सुदैव. वर्षातून एकदा जमिनीवरून सगळी हेडे नजरेखालून घालण्याचा जो नियम आहे, तो अशाच खुणांसाठी.

१९५३ च्या सुमारास अमेरिकेत हेडचे रूपही बदलले. जुनी हेडे बरेचसे पाणी वर छताकडे फेकत. नवी हेडे जवळजवळ सगळे पाणी छत्रीसारखे खाली पसरवू लागली. जुन्या इमारतींच्या छतावर मग थर साचू लागले : एका दालनात १९२० च्या आधीची हेडे, नूतनीकरण झालेल्या भागात १९६० च्या दशकातली, जिन्याजवळ आणखी नवी. उत्खननातल्या थरांसारखी ही छते वाचता येतात.

देखभालीविषयीच्या शिफारशी बराच काळ होत्या. पण शिफारस पाळली नाही म्हणून कोणाचे बिघडत नसे. १९९२ साली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने तपासणी, चाचणी व देखभाल यांसाठी २५ क्रमांकाचे स्वतंत्र मानक काढले आणि ‘असे करावे’ची जागा ‘असे केलेच पाहिजे’ने घेतली. त्यातला वयाचा हिशोब असा. १९२० च्या आधी बनलेली हेडे चाचणीविना थेट बदलायची. सर्वसाधारण हेड ५० वर्षांचे झाले की सगळी बदलायची, किंवा नमुने काढून तपासायचे आणि त्यानंतर दर १० वर्षांनी तपासत राहायचे. जलद प्रतिसाद देणाऱ्या हेडसाठी ही मुदत आधी २० वर्षे होती, पुढे ती २५ झाली. अतिउष्ण जागी लावलेल्या डाखाच्या हेडसाठी मुदत अवघी ५ वर्षे. डाख का सरकतो हे एकदा कळले की या आकड्याचे नवल वाटत नाही.

कोड्याची उकल ‘नमुने’ या शब्दात आहे. सगळी फोडून पाहता येत नाहीत, म्हणून थोडी फोडायची. किती? किमान ४, किंवा त्या विभागातील एकूण हेडच्या १ टक्का, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढी. २,००० हेडच्या विभागातून २० हेडे निघतात. नळातले पाणी सोडले जाते, त्या काळापुरते आगीवर लक्ष ठेवायला माणूस नेमला जातो, खास पान्याने हेड उतरवले जाते आणि प्रयोगशाळेकडे रवाना होते. तेथे ते तापवलेल्या हवेच्या झोतात एकदम ढकलतात आणि ते किती सेकंदांत उघडते ते मोजतात. उष्णतेला मिळणाऱ्या प्रतिसादाचा हा निर्देशांक फॅक्टरी म्युच्युअलमधील गुन्नार हेस्केस्टाड आणि हर्बर्ट स्मिथ यांनी १९७६ मध्ये मांडला. दुसरी कसोटी दाबाची : चौरस इंचाला अवघा ७ पौंड इतका क्षीण दाब असतानाही बूच सुटले पाहिजे. वीसपैकी एक जरी नापास झाले, तरी त्या विभागातील सगळी, म्हणजे दोन्ही हजार, हेडे बदलायची. मालकांना हा नियम जाचक वाटतो. पण एकच साल, एकच बनावट, एकच पाणी आणि एकच हवा असलेल्या हेडमधील एक बिघडले असेल, तर उरलेली चांगली आहेत असे मानायला आधार कोणता?

या सगळ्या खटाटोपाचे मोल मानक निघण्याच्या आदल्याच वर्षी दिसले होते. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री फिलाडेल्फियातील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा या इमारतीच्या २२ व्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांतून आग भडकली. वीज गेली, होजला पाणी पुरवणाऱ्या उभ्या नळांच्या झडपांचा दाब चुकीचा ठेवलेला होता, त्यामुळे पाणी जोर धरेना. तीन अग्निशमन जवान प्राणास मुकले. अखेरीस जवानांना इमारतीतून मागे बोलावावे लागले. आग मजल्यामागून मजला चढत गेली आणि ३० व्या मजल्यावर अडली. त्या मजल्यावर भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. दहा हेडे उघडली. शेकडो माणसांना जी आटोक्यात आणता आली नाही ती आग तेथे थांबली. ती दहा हेडे त्या रात्री चिकटून बसली असती तर काय झाले असते, याचा विचार करताना पुढची घटना वाचावी.

अमेरिकेतील सेंट्रल स्प्रिंकलर या कंपनीने १९८० च्या दशकात ओमेगा नावाची हेडे विकायला सुरुवात केली. त्यांत पाणी रोखण्यासाठी रबराची वाटोळी कडी होती. छतावरून काढून आणलेल्या हेडच्या चाचण्यांत असे दिसू लागले की उष्णतेने आपले काम केले तरी कडी घट्ट धरून बसते, आणि इमारतीत असतो तेवढ्या दाबाला बूच सुटत नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅनंडायग्वा येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात आग लागली तेव्हा ओमेगा हेड उघडलेच नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपनीविरुद्ध कारवाई केली आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये ८४ लाख ओमेगा हेडे परत घेण्याचे ठरले. तीन वर्षांनी, जुलै २००१ मध्ये, त्याच कंपनीच्या रबरी कडी असलेल्या इतर हेडची पाळी आली. पाण्यातले क्षार, खनिजे आणि इतर घाण यांनी कडी कालांतराने बिघडते, असे कारण दिले गेले. तेव्हा बदलायच्या हेडची संख्या सुमारे साडेतीन कोटी होती. नवी हेडे आणि मजुरी दोन्ही कंपनीने द्यायची होती.

ही हेडे म्हातारी नव्हती. ५० वर्षांचा हिशोब लावला असता, तर त्यांची पहिली चाचणी २०३० च्या पुढे आली असती. १८९० साली ग्रिनेल यांनी काचेची चकती बसवून जो दोष टाळू पाहिला, तोच शंभर वर्षांनी रबराच्या रूपाने परतला, आणि कारखान्यातून बाहेर पडतानाच्या तपासणीत तो सापडला नाही. कारण तो पाण्याशी वर्षानुवर्षे संग झाल्यावरच उमटणारा होता. हेडवरचे साल वय सांगते, प्रकृती सांगत नाही. तीसाठी छतावरून उतरवलेला नमुनाच लागतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ‘फॉर्म बी’ म्हणून ओळखतात, दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावे लागते. पंप सुरू होतो, दाबमापकाचा काटा योग्य ठिकाणी आहे, झडपा उघड्या आहेत, हे अशा तपासणीत कळू शकते. हेडच्या आतली झडप चिकटली आहे का, हे पंप सुरू करून कळत नाही. मुंबई-पुण्यात २००० च्या आसपास उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांत जिथे जलद प्रतिसादाची हेडे लागली असतील, तिथे त्या अमेरिकी मानकातली २५ वर्षे आता भरत आली आहेत.

छतावर उभे राहून पान्याने जुने हेड उतरवणाऱ्या कामगाराचे नाव कोणत्याही पेटंटात नसते. त्याच्याजवळ भिंतीतली एक लहानशी लाल पेटी असते. तीत सुटी हेडे आणि त्यांचाच पाना ठेवलेला असतो. अमेरिकी नियमाप्रमाणे ३०० पेक्षा कमी हेडच्या इमारतीत किमान ६, हजारापर्यंत १२, त्यापुढे २४. उतरवलेले हेड चाचणीत उत्तीर्ण होवो वा न होवो, ते परत छतावर जात नाही. त्याच्या जागी पेटीतले नवे हेड बसते, नव्या सालाचे, जुन्या सालाच्या शेजाऱ्यांमध्ये.